द्वारकाकाकूंची हिरवी लेन

एका जंगलात, बाळांनो, एक डांबरी रस्ता होता. आता जंगलात डांबर कशाला, असं विचारू नका. विकास झाला होता तिथे. गप्प बसा आणि ऐका.

त्या रस्त्यावरून दिवसभर गवे धावायचे. गवे म्हणजे रानातले दांडगे बैलच समजा. कुठे जायचंय ते त्यांनाही ठाऊक नसायचं, पण घाई भलतीच! आणि त्यांच्या पायांतून वाट काढत द्वारकाकाकू सायकल मारायच्या.

द्वारकाकाकू कासवीण होत्या. ए, हसायचं नाही! पायी निघाल्या असत्या तर अजून पोचल्या नसत्या, म्हणूनच तर सायकल. तळ्यातले शिंगाडे मागच्या टोपलीत भरायचे आणि बाजारात नेऊन विकायचे, हा त्यांचा रोजचा उद्योग. एकदा एका गव्याचा धक्का लागला आणि काकूंच्या पाठीला हा एवढा तडा गेला.

घोरपड वैद्यीणबाईंनी लेप लावला आणि बजावलं, "द्वारके, आणखी एक धक्का बसला ना, तर पाठ उभी फुटेल. मग माझ्या हातात काही नाही."

काकू घाबरल्या. तडक वाघमहाराजांच्या दरबारात गेल्या. "महाराज, रस्त्याच्या कडेला आम्हा सायकलवाल्यांना पट्टाभर जागा द्या. मला जिवंत घरी जायचंय हो, दुसरं काही नको."

प्रधान कोल्होबा महाराजांच्या कानाशी लागले. "देऊन टाका, महाराज. परदेशी जंगलांत असतं असं. फोटो छान येतात."

झालं! रस्त्याच्या कडेला हिरवा रंग फासला गेला. त्यावर सायकलचं चित्र निघालं. महाराजांनी फीत कापली आणि सायकलवर बसून फोटो काढून घेतला. सायकल मागून दोन लांडग्यांनी धरली होती, ते फोटोत आलं नाही.

काकूंना तर रडूच आलं, आनंदाने. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटी वाजवत निघाल्या. काय सुसाट! म्हणजे, कासवाच्या मानाने. वडाचं वळण घेतलं आणि कचकन ब्रेक दाबला.

लेनच्या मधोमध भला थोरला फलक उभा होता. त्यावर महाराजांचा हसरा चेहरा आणि खाली ठळक अक्षरं: 'सायकल लेन दिल्याबद्दल महाराजांचे जाहीर आभार!' शेजारी गॉगल लावलेले कोल्होबा. त्यांच्या खाली शुभेच्छुकांची दाटी, त्यात एक लांडगा दोनदा.

"अहो कोल्होबा," काकू म्हणाल्या, "हा फलक जरा बाजूला घ्या ना. लेन अडलीय."

"काहीतरीच काय काकू! महाराजांच्या चेहऱ्याला हात कोण लावणार?"

"मग तिकडे रस्त्यावर तरी उभा करा."

"रस्त्यावर? अहो, गव्यांचा धक्का लागेल ना त्याला!"

"आणि मला?"

"तुम्हाला लेन दिलीय की!"

तेव्हापासून काकू फलकापाशी आल्या की सायकल रस्त्यावर घ्यायच्या, जीव मुठीत धरून फलक ओलांडायच्या आणि पुन्हा लेनमध्ये शिरायच्या. पुढे महाराजांचा वाढदिवस आला, त्याचा फलक लागला. मग कोल्होबांचा आला. मग कोल्होबांच्या मेव्हण्याचा. काकूंची लेन कमी होत गेली आणि रस्ता वाढत गेला.

गवे मात्र फलकाजवळ आले की एकदम शहाणे व्हायचे. शिंगं सावरायचे, अंग चोरायचे. महाराजांच्या गालावर ओरखडा उठला तर काय घ्या!

एके दिवशी गव्यांचा कळप उधळत आला. पुढच्या गव्याला वडाच्या वळणावर अचानक फलक दिसला. महाराजांना धक्का लागू नये म्हणून तो झटकन बाजूला वळला. बाजूला द्वारकाकाकू होत्या.

शिंगाडे रस्ताभर सांडले. वैद्यीणबाई धावत आल्या, काकूंच्या पाठीवर हात ठेवला, पण पाठ उभी फुटली होती. मेल्यांनो, एक पट्टाभर जागा मागितली होती हो तिने! मला अजून संताप येतो. असो. गोष्ट पुरी करू.

जंगल हळहळलं. महाराजांचे डोळे पाणावले, तेवढ्यात कोल्होबांनी फोटो काढला. "काकूंचं स्मारक झालंच पाहिजे," महाराज म्हणाले, "आणि तेही त्यांच्या लाडक्या लेनमध्येच!"

दुसऱ्या दिवशी लेनमध्ये नवा फलक लागला. सायकलवर बसलेल्या, हसणाऱ्या द्वारकाकाकू. त्यांच्या डोक्यावर महाराज, थोडे मोठे. खाली लिहिलं होतं, 'लेनच्या जननीस भावपूर्ण श्रद्धांजली.' गव्यांचा कळप आला. शिंगं सावरून, अंग चोरून, काकूंच्या शेजारून अगदी अदबीने गेला.

मागून एक साळिंदर सायकलवरून आलं. फलकापाशी थांबलं, काकूंना नमस्कार केला आणि सायकल रस्त्यावर घेतली.

तात्पर्य: बाळांनो, रस्त्यावर जीव वाचवायचा असेल तर लेन मागत बसू नका. सरळ फलक व्हा. फलकाला कुणी धक्का लावत नाही.