सगळ्या पुस्तकांचे एकच नाव

वाचनालयाचे दार उघडले तेव्हा पहिल्या वाचकाला खगोलशास्त्राचे पुस्तक हवे होते. काउंटरवरच्या काकांनी पुस्तकाची पट्टी यंत्रासमोर धरली, पडदा पाहिला, चष्मा पुसला आणि पुन्हा पडदा पाहिला.

"हेच पाहिजे ना तुम्हाला?"

"हो. का?"

"काही नाही. पावती देतो. मागाहून मला बोल लावू नका."

पावतीवर पुस्तकाचे नाव छापून आले होते: 'उशी अजून तुझ्याच बाजूला ठेवली आहे.'

दुसऱ्या वाचकाने सुतारकामाचे पुस्तक घेतले. पावतीवर तीच उशी. तिसरे होते निवृत्त न्यायाधीश. त्यांनी पावती हातभर लांब धरून वाचली आणि काकांकडे आरोपीकडे बघावे तसे बघितले.

"मी करार कायदा मागितला होता."

"साहेब, पुस्तक करार कायद्याचंच आहे. नाव तेवढं बदललंय."

"कोणी बदललं?"

"ते मला माहीत असतं तर मी काउंटरवर बसलो असतो का?"

ज्याला ते सांगता येणार होते तो नेमका त्याच वेळी जिना चढून आला. वाचनालयात सगळे त्याला संगणकवाला म्हणत. काकांनी पडदा त्याच्याकडे वळवला. चाळीस हजार पुस्तके आणि सगळ्यांचे नाव एक. संगणकवाल्याने ते वाचले. हे वाक्य त्याचेच होते. काल निघताना त्याने ते लिहिले होते, एकाच पुस्तकासाठी आणि एकाच माणसासाठी.

ते माणूस म्हणजे त्याची बायको. समुद्राचा तळ मोजणाऱ्या जहाजावर ती नोकरीला होती. जहाजावर इंटरनेट होते, पण नावापुरते. फोन लागत नसे, फोटो उघडत नसे. पत्रे कप्तानाच्या कचेरीतून गठ्ठ्याने जात, आणि नवऱ्याशी बोलताना तिला मध्ये कप्तान नको होता. साधी, जुनी, चित्रांवाचूनची पाने तेवढी उघडत. वाचनालयाचे शोधपान तसलेच होते. त्याच्या बोडकेपणाबद्दल संगणकवाल्याने वर्षानुवर्षे बोलणी खाल्ली होती. त्याच पानाने त्याचा संसार सांभाळला.

ती शोधाच्या चौकटीत मनातले लिहायची. तसले पुस्तक कुठून असणार? मग ते वाक्य 'न सापडलेले शोध' यात जमा व्हायचे, आणि ते बघणे हे संगणकवाल्याचे कामच होते. 'आज समुद्र गप्प आहे', 'तुझ्या खोकल्याचं काय झालं', 'कुंडीला पाणी घाल, मला सांगू नकोस घातलं म्हणून'. उत्तरासाठी त्याने एक खोटे पुस्तक नोंदवले होते. लेखक 'घर', आणि पुस्तकाचे नाव म्हणजे त्याचा त्या दिवसाचा निरोप. वाचकांना दिसू नये म्हणून ते त्याने लपवलेले होते.

लपवलेले तिला दिसावे कसे? तर जहाजामुळे. बोलणे संपले की ती शेवटी एक जहाज काढायची: '-- असे. वरचे एकेरी अवतरणचिन्ह म्हणजे धूर, पुढच्या दोन रेघा म्हणजे डेक. वाचनालयाचे जुने शोधपान वाचकाचा शब्द जसाच्या तसा यंत्राच्या हुकुमात शिवून टाकत असे. हुकूम असा: या शब्दाची पुस्तके दाखव, लपवलेली सोडून. यंत्राच्या भाषेत त्या धुराचा अर्थ 'शब्द इथे संपला' आणि त्या दोन रेघांचा अर्थ 'पुढचे वाचू नकोस'. त्यामुळे तिने 'घर' लिहून जहाज काढले की यंत्र 'लपवलेली सोडून' हे वाचायचेच नाही आणि निरोप तिच्यापुढे यायचा.

हे भोक आहे, हे संगणकवाल्याला पक्के ठाऊक होते. नव्या लोकांना तोच शिकवायचा, "वाचकाचा शब्द हुकुमात शिवायचा नाही. हुकुमात रिकामा खण सोडायचा आणि शब्द वेगळा हातात द्यायचा. मग त्यानं काहीही लिहू दे, ते सामान राहतं, हुकूम होत नाही." शिकवून झाले की तो जागेवर जायचा आणि स्वतःचे भोक तसेच ठेवायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

काल तिचे वाक्य आले होते: 'मुक्काम वाढला. किती ते कोणी सांगत नाही. '--' ते त्याने बराच वेळ पाहिले. मग उशीचे वाक्य लिहिले, आणि आजवर कधी केले नव्हते ते केले. शेवटी स्वतःही एक जहाज काढले. ती काढते म्हणून. नाव बदलायच्या पानावरचा हुकूमही त्यानेच शिवलेला होता: नाव असे कर, फक्त या एका पुस्तकाचे. जहाजाच्या पुढचे यंत्राने वाचले नाही. पुढे होते 'फक्त या एका पुस्तकाचे'.

"किती वेळ लागेल?" ग्रंथपालबाई त्याच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"सगळ्या नोंदींची परवाची प्रत जपून ठेवलेली आहे, बाई. ती चढवतो. दुपारपर्यंत नावं परत येतील."

"आणि उशी कोणाची ते?"

"आधी नावं आणतो."

नावे आणायच्या नादात तो एक गोष्ट विसरला. पुस्तक ठेवून बसलेल्या वाचकांना वाचनालयाकडून बारा वाजता आपोआप संदेश जात असे. तो गेला: 'आपल्याकडील "उशी अजून तुझ्याच बाजूला ठेवली आहे" परत करण्याची मुदत संपली आहे. त्वरित यावे.'

अर्ध्या तासात काउंटरपुढे रांग लागली. एक बाई नवऱ्याला दंडाला धरून घेऊन आल्या. "ह्यांच्यासाठी कोण उशी ठेवतंय, ते मला बघायचंय." नवरा कुत्र्यांच्या संगोपनाचे पुस्तक छातीशी धरून शपथा घेत होता. एक गृहस्थ खरोखरच उशी घेऊन आले.

"वाचनालयातून उशी नेल्याचं आठवत नाही. पण ही म्हणाली, कटकट नको, देऊन टाका."

"अहो, इथं पुस्तकं मिळतात!"

"मग उशी मागता कशाला?"

ते उशी ठेवून गेले. परत न्यायची म्हणजे पुन्हा घरी समजावणे आले. फोनही वाजत होता. एका बाईंनी एवढेच विचारले, "हे त्यांनी पाठवलंय का?" काका म्हणाले, "नाही हो, यंत्रानं."  पलीकडे फोन हळूच ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर काकांनी तासभर कोणाची थट्टा केली नाही.

गर्दी ओसरल्यावर ग्रंथपालबाईंनी संगणकवाल्याला खोलीत बोलावले. त्याने सगळे सांगितले. बाई हातातली पेन्सिल टेबलावर गोल फिरवत ऐकत होत्या.

"ती आपली सभासद आहे?"

"हो."

"मग तिनं चोरदारानं का यायचं? ते भोक आज बुजवा. आत्ता."

"बाई, मग तिला..."

"ऐकून तर घ्या. लपवलेली नोंद मला नको. नोंद असेल तर सगळ्यांना दिसेल, आणि नोंद आहे तिथं वस्तू पाहिजे. बांधणी विभागात सांगते. कोरी पानं, पुठ्ठा, नाव. फळीवर ठेवा रीतसर."

"कोरं पुस्तक कोण नेणार?"

"नेलं नाही तर चांगलंच. तिच्यासाठी राहील."

दुपारभर बसून त्याने एकेक टाका उसवला. प्रत्येक हुकुमात रिकामा खण सोडला, शब्द बाहेरून वेगळा दिला. मग जुना शोध करून पाहिला: 'घर '--'. यंत्राने काही उघडले नाही, काही सोडले नाही. धूर धूरच राहिला. मग त्याने नव्या पुस्तकाचे नाव उशीचेच ठेवले आणि लेखकाच्या जागी तेच लिहिले, जहाजासकट. आता जहाज लिहून शोधले तर त्याच नावाचा लेखक सापडणार होता.

सकाळचे न सापडलेले शोध त्याने त्यानंतरच उघडले. निरोप वाचून तिने सकाळी 'उशी' हा शब्द शोधला असणार, आणि तिच्या पानावर चाळीस हजार ओळी आल्या असणार, सगळ्या सारख्या. खाली तिचा एकच शब्द होता: 'एवढ्या?'

संध्याकाळी न्यायाधीश करार कायदा परत द्यायला आले आणि फळीवरचे नवे पुस्तक घेऊन काउंटरवर उभे राहिले.

"हे द्या."

"साहेब, आत काही नाही. कोरं आहे."

"नाव वाचलंय मी. दिवसभर वाचतोय."

"नेऊन करणार काय त्याचं?"

न्यायाधीशांनी काकांकडे पाहिले नाही. "माझ्या घरीही एक उशी आहे," ते म्हणाले, "दुसऱ्या बाजूची. बरीच वर्षं झाली." पावतीची घडी घालून त्यांनी ती आतल्या खिशात ठेवली. काकांनी परतीची तारीख सांगितली नाही, आणि त्यांनीही विचारली नाही.

संगणकवाला निघायच्या बेतात होता, तेवढ्यात शोध आला: 'घर '--'. पुस्तक सापडले. नियमाप्रमाणे तिला उत्तरही गेले: हे पुस्तक वाचकाकडे आहे. आपला क्रमांक दुसरा.

तो पुन्हा खुर्चीत बसला. काकांनी दिवे मालवायला घेतले होते.

"निघायचं ना?"

"जरा थांबा, काका."

न सापडलेल्या शोधांत एक ओळ आली: 'माझ्या उशीवर पहिला नंबर कोणाचा?'

 काकांनी अर्धे दिवे मालवले. टेबलाच्या कोपऱ्यात गृहस्थांची उशी तशीच पडून होती. शेवटी दुसरी ओळ उमटली: 'रांगेत नाव राहू दे. येते मी. '--'

ते जहाज त्याने हुकुमात शोधले, तिथे ते नव्हते. कुठलीही नोंद हलली नव्हती, कुठलेही पुस्तक सरकले नव्हते. ते जिथे काढले होते तिथेच, पडद्याच्या त्या टोकाला, धूर सोडत उभे होते.