चार बोटं आखूड

खिडकीची बिजागरी कुरकुरत होती. मास्तरांनी तिला तेल पाजलं, खिडकी दोनदा उघडून मिटून पाहिली आणि समाधानानं हात पुसले. कशाला पुसले, ते जरा उशिरा लक्षात आलं. बैठकीच्या खोलीतल्या रेशमी पडद्यावर त्यांची पाचही बोटं स्वच्छ उमटली होती.

हे पडदे म्हणजे मास्तरांच्या आईच्या हातचं शेवटचं भरतकाम. बाईंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, ते जिवापाड जपलेले. एरवी मऊ बोलणाऱ्या बाई या बाबतीत मात्र कडक होत्या. "आईंच्या पडद्यांना माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही!" आणि बाई आज संध्याकाळी भावाकडून परतणार होत्या.

मास्तर कुंपणापाशी धावले. पलीकडे शेजारच्या वहिनी झाडांना पाणी घालत होत्या.

"वहिनी, रेशीम कसं धुतात हो? सहज विचारतोय."

"सहज? काय सांडलंत?"

"छे, सांडलं काही नाही."

"म्हणजे पुसलंत." वहिनींनी झारी खाली ठेवली. "रेशीम म्हणजे केस समजा, भावोजी. शाम्पूनं धुवायचं, पिळायचं नाही, उन्हात टाकायचं नाही. पण जमेल ना? तुमचा केसांशी संबंध तुटून बरेच दिवस झाले."

मास्तरांनी टकलावरून हात फिरवत टोमणा गिळला. जन्मभर गणित शिकवलेलं. एकदा सूत्र हाती आलं की ते शेवटपर्यंत लावायचं. केस तर केस! पाण्याचं वहिनी काही बोलल्या नव्हत्या, पण न्हायला बाई कढत पाणी घेतात हे मास्तरांना ठाऊक होतं. त्यांनी बादलीत कढत पाणी ओतलं, बाईंचा शाम्पू घातला आणि पडद्याला मनसोक्त न्हाऊ घातलं.

डाग गेला. पण पडदा असा उजळला, की शेजारी त्याचा जोडीदार धुराड्यातून ओढून काढल्यासारखा दिसू लागला. मग त्यालाही न्हाऊ घालणं आलं. दोघांना पंख्याखाली वाळवून, बाईंच्या केस वाळवायच्या यंत्रानं वारा घालून मास्तरांनी ते पुन्हा टांगले आणि दोन पावलं मागे सरकून पाहिलं. काल खिडकीच्या कठड्याला टेकणारे पडदे आज चांगली चार बोटं वर लोंबत होते, गेल्या वर्षीची विजार घातलेल्या पोरासारखे.

त्यांनी ते ओढून पाहिले. ओले करून खालच्या काठाला चिमटे लावले आणि चिमट्यांना घरातली सगळी कुलपं अडकवली. रेशीम हट्टाला पेटलं होतं.

वहिनी स्वतःहून बघायला आल्या. कुलपांकडे पाहून त्यांनी तोंडाला पदर लावला.

"चोरी होण्याची भीती वाटते का?"

"थट्टा पुरे. उपाय सांगा."

"पडदा वाढत नसेल तर दांडी खाली घ्या."

"वर फट पडेल हो."

"फट आहेच की. अजून थोडी."

ते खरं होतं. त्या फटीतून रोज सकाळी ऊन थेट खुर्चीत चहा पीत बसलेल्या मास्तरांच्या डोळ्यांवर यायचं. एकदा ते पेपर तपासायला परगावी जाऊन आले, तेव्हापासून ही कटकट सुरू झाली होती. तक्रार केली की बाई म्हणायच्या, "असू दे, तेवढीच हवा खेळती राहते."

मास्तर स्टुलावर चढले आणि त्यांनी दांडी काढून खाली बसवली. हुश्श करत मान वर केली, तर जुन्या जागेच्याही वर भिंतीला एक टेंगूळ दिसलं. सहज खरवडलं, तर पांढरा भुगा पडला आणि आत खिळ्याचं भोक. भुग्याला दंतमंजनाच्या पेस्टचा मंद वास येत होता. दुसऱ्या टोकालाही तसंच. दोन्ही भोकं जुन्या जागेपासून बरोबर चार बोटं वर.

मास्तरांनी मनात गणित मांडलं. पुन्हा मांडलं. उत्तर बदलेना.

तेवढ्यात दार वाजलं. बाई आत आल्या. त्यांनी पडद्यांकडे पाहिलं, दांडीकडे पाहिलं, मग स्टुलावर उभ्या नवऱ्याकडे आणि त्याच्या बोटावरच्या पांढऱ्या भुग्याकडे. वहिनींना घरी गॅसवर काहीतरी ठेवल्याची आठवण झाली.



"उजळलेत हो छान," बाई म्हणाल्या.

"झटकले जरा."

"हं. मीही तेव्हा झटकलेच होते."

त्या पिशवी ठेवून न्हाणीघरात गेल्या, पेस्टची नळी घेऊन आल्या आणि मास्तरांच्या हातात दिली.

"चारही भोकं बुजवा. ओलं आहे तोवर बोट फिरवा, म्हणजे टेंगूळ येत नाही. माझं घाईत राहिलं होतं."

मास्तरांनी निमूटपणे नळी दाबली. "आणि आता दुप्पट ऊन येईल त्याचं काय?"

"खुर्ची हलवा की इकडे, माझ्या शेजारी," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं नुसती तक्रार ऐकतेय मी."