गफूरभाईंच्या दुकानात चपला बाहेर

सात रस्त्याजवळ गफूरभाईंचं चपलांचं दुकान होतं, आणि त्या दुकानात चपला काढून जावं लागे.

“रोजीची जागा हाय, साहेब. भायेर काढा!” गादीवरूनच हुकूम सुटे. पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात मी नुसता भाव विचारायला गेलो आणि बाहेर येऊन बघतो तर माझी जोडी गायब.

“नशीब समजा,” गफूरभाई म्हणाले. “कापडदुकानापुढनं गेली असती तर अनवाणी घरी गेला असता की!”

मी नवी जोडी घेतली. वर त्यांचे आभारही मानले.

त्यानंतर रोज जेवणाच्या सुट्टीत तिथं जाऊन बसू लागलो. कचेरीत मला सगळे ‘अहो, जरा इकडे’ म्हणत. गफूरभाई साहेब म्हणत. त्यांच्या लक्षात चेहरे राहत नसत, पाय राहत. आमचे हेडक्लार्क म्हणजे ‘ते करंगळी रुसलेले’.

स्वतः मात्र दिवसभर दुकानात अनवाणी. साखरेचा आजार होता, तळव्यांना काही कळेनासं झालं होतं. डॉक्टरांनी मऊ रबराच्या, मागं पट्टा असलेल्या चपला चोवीस तास घालायला सांगितल्या होत्या. गफूरभाई त्या रस्त्यावर घालत आणि दुकानाच्या पायरीवर काढत. नियम तो नियम.

एके दिवशी ते शहाबादी फरशीवरून चालले की टक-टक आवाज येऊ लागला.

“काय गफूरभाई, नाल ठोकून घेतली काय?” मी म्हणालो आणि स्वतःच्याच विनोदावर पोटभर हसलो.

“नाल कुटली? मी तर...” त्यांनी पाय उचलला. टाचा ठोकायचा बारीक खिळा तळव्यात पार डोक्यापर्यंत घुसला होता. दुसऱ्याच्या चपलेतून काढावा तसा त्यांनी तो पकडीनं ओढून काढला, उजेडात धरला, “वाकडा न्हाय झाला” म्हणत डब्यात टाकला. मागून रक्त आलं. पुढचं मला आठवत नाही; शुद्धीवर आलो तेव्हा गफूरभाईच मला पाणी पाजत होते.

डॉक्टर भडकले. “पुढच्या वेळी पाय कापावा लागेल! घरात, दुकानात, सगळीकडे चपला. आणि घालायच्या आधी घरच्या माणसाला रोज तळवे दाखवायचे.”

जखम भरली आणि गफूरभाई पुन्हा अनवाणी. मी भाषण ठोकलं.

“गिऱ्हाइकाला भायेर काढायला लावतो, आनि मी आत घालून मिरवू?”

“गिऱ्हाईक नवी जोडी आत घालून बघतंच की! रस्त्याला न लागलेली दुसरी जोडी करून घ्या. समजा, तुम्ही रोज घालून बघताय आणि पसंत पडत नाहीये.”

आयुष्यात मला सुचलेली ही एकमेव अक्कल. दोन दिवसांत त्यांच्या कारागिरानं जोडी आणून दिली. आठवड्यानं बघतो तर ती खोक्यातच.

“आता काय अडलं?”

“आदी तळवे बघायचे म्हनले की डाक्टर,” ते खोक्याकडं बघत म्हणाले. “मला वाकून दिसत न्हाय. बायकोला जाऊन सा वर्सं झाली. घरी कोन हाय?”

तीस वर्षं लोकांचे पाय हातात घेतलेल्या त्या माणसाला मी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसवलं आणि फरशीवर मांडी घातली. दोन्ही तळवे नीट पाहिले, चपला चढवल्या, पट्टा ओढला.

“घट्ट झालं का?”

“मला काय समजनार, साहेब? तुमीच बघा.”

मी पट्ट्याखाली बोट घालून पाहिलं. “एक बोट जातंय.”

“मग बराबर हाय.” गफूरभाई रस्त्याकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “उद्या कचेरी चालू हाय नव्हं?”