रिकाम्या हातांची मोजणी

एका माणसाच्या मालकीची चार उपाहारगृहे असणे ही त्या माणसाच्या दृष्टीने प्रतिष्ठेची आणि त्याच्या घरजावयाच्या दृष्टीने काळजीची बाब असते. प्रस्तुत घरजावई या चारही शाखांचा मनुष्यबळ व्यवस्थापक होता. म्हणजे कोणत्या शाखेत किती आचारी, किती वेटर आणि किती भांडी घासणारे लागतील हे तो ठरवत असे, आणि ते आले नाहीत की सासऱ्याची बोलणी खात असे. पण केबिनला काचेचे दार होते. फिरत्या खुर्चीत बसून अर्धा गोल फिरले की आपण कोणाच्या तरी घरी राहतो याचा त्याला थोडा वेळ विसर पडे. त्या खुर्चीवर त्याचा भारी जीव होता.

एके सकाळी सासरेबुवांनी चहाचा कप खाली ठेवला आणि घसा खाकरला.

"जावईबापू, पगारावर फार पैसा जातोय."

"कोणाच्या, बाबा?"

"सगळ्यांच्याच." सासरेबुवा त्याच्याकडे गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहिले. "महिनाअखेरीला कपात दिसली नाही, तर कपात कुठून सुरू करायची ते मी ठरवीन. आणि चांगल्या कामाची सुरुवात घरापासून करावी, असं माझं मत आहे."

जावयाने बायकोकडे पाहिले. ती पावाला लोणी लावत होती.

"माझ्याकडे काय बघता? बाबा बोलतात ते करतात. सख्ख्या मेव्हण्याला त्यांनी गल्ल्यावरून उठवलं होतं. तुम्ही तर काय, बाहेरून आलेले."

मग तो कामाला लागला. पहिल्या टप्प्यात त्याने 'मनुष्यबळाची आंतरशाखीय सामायिक उपलब्धता' नावाचे धोरण आणले. चार शाखांना चार आचारी कशाला? एक आचारी, एक गाडी, चार फेऱ्या. बाकीच्या तिघांना मोकळे करण्यात आले. ('काढून टाकले' हा शब्द धोरणात बसत नव्हता.)

उरलेल्या आचाऱ्याने डोक्यावरची टोपी काढली. "साहेब, एका शाखेत कांदा परतायला टाकायचा आणि तो करपायच्या आत तीन शाखा फिरून यायचं, हे कसं जमायचं?"

"आच मंद ठेवा," व्यवस्थापक म्हणाला.

आचारी पोचे तेव्हा गिऱ्हाईक उठून गेलेले असे आणि गिऱ्हाईक बसे तेव्हा आचारी सिग्नलला अडकलेला असे. पगाराचा खर्च मात्र धाडकन खाली आला. विक्रीही आली, पण तो विषय दुसऱ्या खात्याचा होता.

सासरेबुवांचे समाधान झाले नाही. एकदा कपातीची चव लागली की माणसाची भूक खवळते. तेव्हा अजून कोणाला मोकळे करता येईल हे शोधण्यासाठी जावयाने चारही शाखाप्रमुखांना परिपत्रक धाडले: 'आपल्या शाखेत दर तासाला किती माणसे रिकाम्या हाताने बसलेली आढळतात, ते मोजून कळवावे.'

कोणती माणसे, हे लिहायचे राहून गेले. आणि शाखाप्रमुख तर असे आज्ञाधारक, की परिपत्रकात नसलेली शंका काढायची नाही हा त्यांचा बाणा. जो दिसेल तो त्यांनी मोजला. टेबलाशी जेवणाची वाट बघत, मीठदाणीशी चाळा करत बसलेली यच्चयावत मंडळी त्यात आली. बेरीज झाली तेव्हा शाखांमधले तीनचतुर्थांश मनुष्यबळ रिकामे निघाले.

जावयाला चूक समजली ती भर बैठकीत, आकडा सासरेबुवांच्या हातात पडल्यावर. त्याने कागद परत घ्यायला हात पुढे केला. "बाबा, यात जरा एक..."

"यात सोनं आहे, जावईबापू! इतकी माणसं माझ्या जागेत, माझ्या पंख्याखाली, हातावर हात ठेवून बसतात? काय पगार देतो आपण यांना?"

खरे सांगावे तर खुर्ची जाणार, खोटे सांगावे तर कसे सांगणार? जावई म्हणाला, "काहीच नाही, बाबा. उलट तेच आपल्याला देतात."

सासरेबुवांचे डोळे हळूहळू पाणावले.

"उभं आयुष्य मी अशाच माणसांच्या शोधात होतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून टेबलावर मेनूच्या आधी कांदे आणि सुरी येऊ लागली. सोबत पाटी होती: 'प्रतीक्षाकाळ सत्कारणी लावा.' पहिला टायवाला गृहस्थ भडकलाच.

"अहो, मी इथे जेवायला आलोय!"

"हो ना साहेब. त्याचीच पूर्वतयारी," वेटर म्हणाला.

गृहस्थ तावातावाने उठणार, इतक्यात शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्या बाईंनी सुरी हातात धरून स्वतःचा फोटो काढला. "काय छान कल्पना आहे हो! घरी सगळं कामवाली बघते, कांद्याला माझा हात लागत नाही. इथे कसं, मन मोकळं होतं." बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते. टायवाल्याने इकडेतिकडे पाहिले आणि बाह्या सरसावल्या. आपण मागे पडतोय अशी शंका आली की माणूस कांदाच काय, दगडही सोलतो.

आठवडाभरात रांगा लागल्या. तेव्हा जावयाने 'सहभागशुल्क' सुरू केले. ज्यांना नुसतेच बसून जेवायचे होते त्यांच्यासाठी दुप्पट 'आरामशुल्क' ठेवले, पण चारचौघांत आळशी म्हणवून घ्यायला कोणी तयार होईना. भांडी घासण्याला 'वाफाळता अनुभव' म्हटल्यावर त्याचे आगाऊ आरक्षण करावे लागले. नेहमीच्या लोकांना 'वरिष्ठ ग्राहक' असा बिल्ला मिळाला आणि ते नवख्यांवर डाफरू लागले. "ताट असं पुसतात? पहिल्यांदाच जेवताय वाटतं!"

वेटर मोकळे झाले. भांडीवाले मोकळे झाले, शाखाप्रमुखही झाले. शेवटी आचारी केबिनमध्ये आला.

"साहेब, तो टायवाला माझ्या कढईपाशी उभा आहे. भाजी परतत नाहीये, तिच्यावर सूड उगवतोय."

"त्याने शुल्क भरलंय."

आचाऱ्याने टोपी टेबलावर ठेवली. "मग उद्यापासून मी गिऱ्हाईक म्हणून येऊ का? तेवढाच हात चालू राहील."

"यायला हरकत नाही. पण शुल्क भरावं लागेल."

बोलून गेल्यावर जावयाला स्वतःची लाज वाटली. चांगलीच वाटली. पण ती खर्चाच्या कोणत्या सदरात टाकायची हे न सुचल्याने त्याने ती तिथेच सोडून दिली आणि खुर्चीत अर्धा गोल फिरून घेतले.

महिनाअखेरीला पगारपत्रकात एकच माणूस उरला. सासरेबुवांनी त्याला बोलावून घेतले. समोर एक सेवानिवृत्त अधिकारी बसले होते, वरिष्ठ ग्राहकाचा बिल्ला लावलेले.

"जावईबापू, यांना कांदा नको, भांडी नकोत. यांना तुमच्या खुर्चीत बसायचंय. लोकांना इकडून तिकडे पाठवायची यांना सवय आहे, घरी कोणी ऐकत नाही म्हणून करमत नाही. घसघशीत शुल्क द्यायला तयार आहेत. आणि यांच्यामागे अजून रांग आहे." सासरेबुवांनी आवाज मऊ केला. "तुम्ही त्या खुर्चीत बसायचे पैसे घेता. हे देतात. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

जावयाने मनापासून विचार केला. नको तेव्हा खरे बोलण्याची बुद्धी त्याला नेमकी त्याच वेळी झाली. "मी मला मोकळं केलं असतं, बाबा."

"गुणी माणूस," सासरेबुवा अधिकाऱ्यांना म्हणाले.

जावई रस्त्यावर आला. घरी जायचे तर बायकोला काय सांगायचे? डोळे भरून आले होते आणि भूकही सपाटून लागली होती. तो परक्याच एका उपाहारगृहात शिरला. दारातल्या टचस्क्रीनच्या पडद्यावर त्याने स्वतःच बोटाने मागणी नोंदवली, स्वतःच पैसे भरले. नंबर पुकारल्यावर ट्रे स्वतः उचलून आणला, पाणी स्वतः भरून घेतले, आधीच्या माणसाने सांडलेले कण कागदाने पुसले आणि मग जेवला. जेवण झाल्यावर ताट एका खणात, चमचा दुसऱ्यात, कागद तिसऱ्यात टाकला. त्याला यात काहीही वावगे वाटले नाही. बाहेर पडताना पडद्याने विचारले, 'आमची सेवा कशी वाटली?'

सेवा कोणी केली ते बघायला त्याने मागे वळून पाहिले. मागे फक्त ट्रे घेऊन उभ्या असलेल्यांची रांग होती, आणि ती खोळंबली होती. त्याने घाईघाईने पाचच्या पाच स्टार दाबले.

हसताय? मागच्या खेपेला तुम्ही चार दिले होते, आणि एक कमी दिला म्हणून घरी येईपर्यंत तुम्हालाच चुटपुट लागली होती.