कॅनला धुराचा वास

जेमेलीचं दूध नाकारायचं तर त्या शीतकेंद्रातल्या यंत्रालाच आधी तोंड धुवून यावं लागेल! हे तिचंच वाक्य. डोक्यावर हत्तीगवताचा भारा घेऊन, भर रस्त्यात, चार बायकांसमोर तिने ते ठणकावून सांगितलं होतं.

आणि का नाही सांगणार? केनियातल्या एल्डोरेट शहरी, कॉलेजात शिकलेली बाई. लेकीसाठी चमचा उकळणारी, तो उचलायचा चिमटाही उकळणारी, आणि चिमटा ठेवायची ताटली उकळायची राहिली म्हणून रडकुंडीला येणारी! तिची वर्षाची चेरो झाकणाच्या पेल्यातलं दूध घटाघटा पिऊन पेला चाटत बसायची. "उकळण्याची कमाल!" असं जेमेली त्या चार बायकांना उठता-बसता ऐकवत असे.

आजवर तुई गाईचं दूध मोटारसायकलवाला दलाल न्यायचा. भाव तो म्हणेल तो, पैसे तो देईल तेव्हा, आणि रस्त्यात चिखल झाला की स्वारी गायबच. आता गावात सहकारी शीतकेंद्र निघालं होतं. ठरलेला भाव, बारा महिने खरेदी! अट एवढीच, की तीन सकाळी दूध तपासणार. त्यात एकदा पास झालं तर सभासद. नाहीतर वर्षभर पुन्हा दलालाची मनधरणी.

पहिल्या सकाळी जेमेली चेरोला पाठीशी बांधून, नवाकोरा ॲल्युमिनियमचा कॅन घेऊन रांगेत उभी राहिली. तपासनीस रोतिच साहेबांनी झाकण उघडलं, आपल्या झुबकेदार मिशा कॅनात बुडतील इतके ते वाकले, आणि ताठ झाले.

"बाई, दूध आणलंय की चुलीची राख?"

"काय?"

"धुराचा वास येतोय. नापास. पुढचा कॅन!"

मागच्या बायकांत खसखस पिकली. "अगं जेमेली, यंत्र तोंड धुवून आलंय बरं का!"

जेमेलीला लाज वाटली, पण त्याहून जास्त कुतूहल वाटलं. धूर आला कुठून? चूल इकडे, गोठा तिकडे. मग तिने जे दिसेल त्याचा वास घ्यायला सुरुवात केली. दोरी हुंगली. गवत हुंगलं. तुईचं तोंड हुंगलं, तर तुईने तिचा गाल चाटला. संध्याकाळी नवरा किबेत दारात आला, तर ही त्याच्या सदऱ्याला नाक लावून उभी!

किबेत लाजला. "अगं, आई बघतेय."

"श्वास सोड."

"काय?"

"विडी ओढतोस ना चोरून? गोठ्यात?"

"मी? चर्चमध्ये मेणबत्तीच्या धुरानं खोकणारा माणूस मी!"

कोपऱ्यात बसलेल्या सासूबाई, म्हणजे साऱ्या गावाच्या कोगो, आजी, गालातल्या गालात हसत होत्या. "शोध, शोध. शिकलेली आहेस, सापडेल."

जेमेलीने कॅन साबणाने घासला, उन्हात वाळवला. दुसऱ्या सकाळी दूध पुन्हा नापास! "आज राखेला साबणाची फोडणी आहे," रोतिच साहेब म्हणाले. आता एकच सकाळ उरली होती. पलीकडे दलाल मोटारसायकलला टेकून दात कोरत उभा होता. "वहिनी, मी आहेच हं!"

त्या दुपारी जेमेलीने कॅन अंगणात पालथा घातला आणि स्वतः चेरोच्या वाळत घातलेल्या दुपट्यांमागे दबा धरून बसली. थोड्या वेळाने कोगो आल्या. हातात सेनेत्वेतच्या झाडाची जळती काठी! त्यांनी कॅन सुलटा केला, काठी आत घातली आणि मुर्सिक, म्हणजे धुरकट, करडं आंबवलेलं दूध, लावायच्या आधी भोपळ्याच्या तुंब्याला आतून घासतात तसा कॅन खसाखसा घासला. मग पदराने टिपून होता तसा पालथा ठेवला.

"कोगो!"

"ओरडतेस काय? दूध दचकेल."

"तुम्ही? दोन दिवस मी माणसं हुंगत फिरतेय!"

"मला वाटलं, मजा करतेयस. अगं, धुरी न दिलेल्या भांड्यात दूध म्हणजे उघडं पोर! माझ्या सासूने शिकवलं, तिच्या सासूने तिला."

"पण कोगो, हा तुंबा नाहीये. तिथे सगळ्यांचं दूध एका टाकीत जातं. आपल्या धुराने सगळ्यांचं नासेल!"

"म्हणजे शेजारणीच्या दुधात आपलं दूध ओतणार? शी!" कोगो फणकारल्या. "नाही लावत हात. जा."

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता कोगो काखोटीला तुंबा मारून "जरा जाऊन येते" म्हणून निघून गेल्या. रुसल्या असतील, म्हणून जेमेलीने विचारलंही नाही. कढत पाण्याने धुतलेला कॅन लेकरासारखा पोटाशी धरून ती केंद्रावर पोचली.

रोतिच साहेब वाकले. एक लांब श्वास घेतला. "धूर."

दलालाने मोटारसायकलला किक मारली. पण दोन दिवस अख्खं घर हुंगलेलं जेमेलीचं नाक ते! तिने कॅन हुंगला. स्वच्छ. झाकण हुंगलं. स्वच्छ. मग पुढे वाकून तिने थेट साहेबांच्या तोंडाजवळ नाक नेलं. रांगेतल्या बायकांनी पदर तोंडात कोंबले.

"साहेब, धूर कॅनात नाही. मिशीत आहे!"

"काय बोलताय?"

"मुर्सिक प्यायलात. आत्ताच. करडं टोक दिसतंय डावीकडे."

साहेबांचा हात मिशीवर गेला. शेजारच्या यंत्रावर बसणारी जेलागात हसू दाबत उठली. तिने कॅन हुंगला, दूध तपासलं. "फर्स्ट क्लास आहे, साहेब. तुम्ही तोंड धुवून या."

तोंड धुवायला यंत्र नाही, साहेबच गेले!

सभासद होऊन जेमेली नाचत घरी आली. कोगो चेरोला मांडीवर घेऊन दूध पाजत होत्या.

"त्या मिशाळाकडे गेले होते," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्हटलं, धुराला नाक मुरडतोस, आधी चाखून तर बघ. बिचारा तिसरा पेला मागत होता."

जेमेली खो खो हसली. चेरोने पेला संपवून, चाटून खाली टाकला. जेमेलीने तो उचलला आणि दोन दिवसांच्या सवयीने नाकाशी नेला.

हसू जागच्या जागी थांबलं.

"कोगो... पेल्यालाही धुरी? कधीपासून?"

"दात आल्यापासून. तुझ्या उकळलेल्या भांड्यात पोर तोंड तरी घालत होती का?"

जेमेलीने चुलीवरच्या खदखदत्या पाण्याकडे पाहिलं, मग चेरोच्या गुबगुबीत गालांकडे. पेला तिने न धुताच कोगोंच्या पुढ्यात सरकवला.

त्या चार बायकांना मात्र तिने अजून काही सांगितलेलं नाही.