पावलांची मापं घेणारे शिगवण मास्तर

शिगवण मास्तरांना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, पावलं राहतात. माझं आडनाव साळवी. गेलं दीड वर्ष आठवड्यातून तीनदा आमची भेट होते आणि दर वेळी ते हॉलच्या दारातून ओरडतात, "आले, आले, तेवीस-पंधरा आले!" चालताना तेवीस इंचांवर पडतं माझं उजवं पाऊल, पंधरा इंचांवर डावं. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून माझ्या डाव्या पायाने असहकार पुकारलाय, त्याची ही रोजची दवंडी. नवख्या माणसाला तो माझ्या फ्लॅटचा नंबर वाटतो.

हॉल नवघरमधल्या एका सोसायटीचा, तळमजल्यावरचा. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी एक छोटी सेवाभावी संस्था तिथे आमच्यासारख्यांना गोळा करते. कुणाला पार्किन्सन, कुणाला झटका, कुणाच्या आजाराचं नाव इतकं लांब की सांगेपर्यंत चहा गार होतो. तन्वी नावाची तरुण फिजिओथेरपिस्ट आमच्याकडून व्यायाम करून घेते. मास्तर तिथे पेशंट नाहीत. अडुसष्टाव्या वर्षीही ते ठणठणीत आहेत. ते स्वयंसेवक आहेत आणि संस्थेतल्या एका कामावर त्यांची मक्तेदारी आहे, ती म्हणजे जमिनीवर रेघा मारणं.

हे खूळ नाही. पार्किन्सनच्या माणसाचा पाय चालता चालता एकदम जमिनीला खिळतो, दारात तर हमखास. मन पुढे जातं, पाय तिथेच. पण समोर आडव्या रेघा दिसल्या की तोच माणूस एकेक रेघ ओलांडत सरळ निघून जातो. असं का होतं ते तन्वीने मला दोनदा समजावलंय आणि मला दोन्ही वेळा समजलेलं नाही. पुष्कळ ठिकाणी म्हणे त्यासाठी रंगीत चिकटपट्ट्या लावतात. मास्तरांना चिकटपट्टी नामंजूर. हा माणूस मूळचा संगमेश्वरकडचा, चाळीस वर्षं मीरा रोडला टेलरिंगचं दुकान चालवलेला. दुकान बंद केलं तरी गळ्यातला टेप आणि खिशातले खडू काही सुटले नाहीत.

"चिकटपट्टी म्हणजे रेडिमेड," ते म्हणतात. "रेडिमेड सगळ्यांना होतं आणि कुणालाच बसत नाही. माणसाचं माप घ्यायला लागतं, साळवी." (ते स्वतः रागावले असले की त्यांना माझं आडनाव आठवतं.)

पहिल्याच दिवशी ते माझ्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि वाकले. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा माणूस पाया पडतोय हे बघून मी गडबडलो, पण शाळेत हेडक्लार्क म्हणून जन्म काढलेला असल्यामुळे अंगात थोडं मोठेपण असतंच. मी हात वर करून "असू दे, असू दे, सुखी राहा" म्हणालो. मास्तरांनी मान वर केली. "पाया नाही पडत. टाचेला खडू लावतोय. आता चाला." मी चाललो. फरशीवर टाचांचे निळे ठिपके उमटले, टेप फिरला आणि मी कायमचा तेवीस-पंधरा झालो.

मोजल्यावर ते प्रत्येकाच्या रेघांत एक इंच जास्त धरतात. "मार्जिन ठेवलंय. माणूस वाढतो." साठी-सत्तरीतली मंडळी आम्ही, कुठल्या बाजूने वाढणार, असं मी एकदा विचारलं. "ट्रायल घेतल्याशिवाय बोलू नका," एवढंच उत्तर मिळालं. हे त्यांचं ब्रह्मवाक्य. तन्वीने नवा व्यायाम आणला तरी हेच आणि चहात साखर कमी पडली असं कुणी म्हटलं तरी हेच.

हॉलपुरतं ठीक होतं. पण आमच्यातल्या शाहबेनना कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत एकटीने जायची इच्छा झाली, आणि मास्तर टेप नि खडू घेऊन भर सकाळी रस्त्यावर उतरले. रस्त्याच्या कडेला वाकून माप घेणारा, खुणा करणारा गंभीर चेहऱ्याचा माणूस बघून भाजीवाल्याला जो अर्थ लागायचा तो लागला. "रोड वाइडनिंग! उठाओ, उठाओ!" पाच मिनिटांत सगळ्या लाइनीतल्या टोपल्या गल्लीत पसार झाल्या. मास्तर मागून ओरडतायत, "अरे भाई, मैं म्युनिसिपालिटी का नहीं है, मैं टेलर है!" आणि शाहबेन एकेक रेघ ओलांडत, कुठेही न अडखळता, जिथे भाजीवाला होता त्या रिकाम्या जागेवर विजयी मुद्रेने उभ्या.

एवढं सगळं करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरातलं मात्र जुळत नव्हतं. मास्तरांच्या पत्नीला, काकूंना, चार वर्षांपासून पार्किन्सन आहे. रेघांची विद्या ते मुळात त्यांच्यासाठीच शिकायला आले होते. घरात रेघा मारल्या, तरी काकू उंबऱ्याशी अडायच्याच. वर्षभरात त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. तन्वी दर आठवड्याला विचारायची, "मास्तर, काकूंना कधी आणताय?" आणि मास्तर इतकी वर्षं गिऱ्हाइकांना जे सांगत आले तेच सांगायचे, "मंगळवारी नक्की." पेशंट सगळे हसायचे. मीही हसायचो, आता त्याची थोडी लाज वाटते.

मागच्या महिन्यात मास्तर लागोपाठ तीन दिवस आलेच नाहीत. फोन उचलेनात. तन्वी म्हणाली, "सर, चला, जाऊन बघू या," आणि आम्ही रिक्षा करून पेणकरपाड्याला गेलो. जुन्या बैठ्या चाळीतली पहिलीच खोली. मास्तर दारातच होते, पण ओल्या फडक्याने फरशी पुसत. गळ्यात टेप नव्हता. मला बघून "या, साळवी" म्हणाले. तेवीस-पंधरा नाही.

"पडली ती," ते म्हणाले. "उंबऱ्यात. नशीब, हाड वाचलं. बंद केलं मी आता. गावाला रेघा मारत हिंडतो आणि बायकोला चालती करता येत नाही."

काकू खाटेवर बसल्या होत्या. लहानखुऱ्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, आवाज इतका बारीक की पुढे वाकून ऐकावं लागत होतं. अर्धी फरशी पुसायची राहिली होती. तन्वी तिथल्या रेघा बघत राहिली.

"मास्तर, हे किती इंच आहे?"

"वीस. हिचं पाऊल वीस."

"कधी मोजलं होतं?"

मास्तर दुखावले. "हिचं माप मोजायला लागतं होय? लग्न झाल्यापासून हिचे ब्लाऊज मी शिवतोय. एकदाही टेप लावला नाही. डोळे मिटून कापतो."

"म्हणून तर," काकू हळूच म्हणाल्या, "चार वर्षं खांद्यावरून घसरतायत."

आम्ही तिघांनीही त्यांच्याकडे पाहिलं. ब्लाऊजच्या दोन्ही खांद्यांना आतून सेफ्टी पिना लावलेल्या होत्या. मग तन्वीने भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेला टेप काढून मास्तरांच्या हातात दिला.

त्यांनी काकूंच्या टाचांना खडू लावला. दोन्हीकडून तन्वीने धरलं आणि काकू चार पावलं चालल्या. मास्तर फरशीवर वाकले. नको इतका वेळ वाकून राहिले.

"किती?" काकूंनी विचारलं.

"चौदा."

"अहो, खरं सांगा."

"नऊ."

"मग नऊच्या काढा ना! विसाच्या रेघांवर कशाला ओढताय मला? तरी मी म्हणतेय, एवढ्या लांब कुठल्या बाईच्या रेघा मारल्यायत यांनी."

तन्वी फस्सकन हसली आणि मग डोळे पुसायला लागली. मास्तरांनी उरलेली फरशी पुसली, ती सुकेपर्यंत पंख्याखाली उकिडवे बसून राहिले आणि खाटेपासून उंबऱ्यापर्यंत, उंबऱ्यावरून बाहेरच्या ओट्यापर्यंत दहा-दहा इंचांवर पांढऱ्या रेघा मारल्या. इंचभर मार्जिन तिथेही ठेवलंच. काकू उठल्या. खोली पार करायला त्यांना किती वेळ लागला मला माहीत नाही, मी त्यांची पावलं मोजत होतो. उंबऱ्याशी त्या थांबल्या, खाली बघितलं आणि रेघ ओलांडून बाहेर गेल्या. तन्वीने त्यांना ओट्यावर उन्हात बसवलं. शेजारची बाई हातातलं सूप तसंच टाकून धावत आली.

आत मी आणि मास्तर राहिलो. ते माझ्याकडे पाठ करून टेप गुंडाळत होते, सोडत होते, परत गुंडाळत होते.

"विसरलो नव्हतो मी," ते म्हणाले. "एवढा काय मी बिनडोक टेलर नाही. दिसत होतं मला, ती रोज थोडी थोडी कमी होतेय ते. टेप लावला असता तर आकडा कळला असता. म्हणून नाही लावला."

मी माझा चांगला हात त्यांच्या खांद्यावर ठेवला.

तेवढ्यात बाहेरून बारीक आवाज आला. काकू ओट्यावरून उठून उभ्या राहिल्या होत्या. तन्वीचा हात धरून त्या चाळीच्या दुसऱ्या टोकाकडे, नळापाशी जमलेल्या बायकांकडे बघत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "इथे संपल्यात. पुढच्या काढा की."

मास्तरांनी डोळे शर्टाच्या बाहीला पुसले, खिसा चाचपला आणि खडू घेऊन ते घाईघाईने बाहेर जाऊन काकूंच्या पायांपुढे गुडघ्यांवर बसले.