धोटेकाकांचं बँकॉक

जबलपूरमधल्या आमच्या गोरखपुरात लोक धोटेकाकांना महिनाभर वेडं समजत होते. सहासष्ट वर्षांचा माणूस रोज सकाळी सात वाजता पाठीवर कॉलेजची मुलं घेतात तसली निळी सॅक लावून निघायचा, बाजारातून थेट सदरपर्यंत चालत जायचा आणि परत यायचा. सॅकमध्ये दहा किलो गव्हाचं पीठ. भाजीवाला विचारायचा, "काकाजी, चक्की तो इधर है, आप उधर कहाँ जा रहे हो?"

काका न थांबता सांगायचे, "बँकॉक."

मी विचारलं तेव्हा म्हणाले, "प्रॅक्टिस करून राहिलो. पहिल्या आठवड्यात पाच किलो नेलं. पाठ पास झाली. आता गुडघे तपासून राहिलो."

काका तीस वर्षं फॅक्टरीत एक्झामिनर होते. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, मापायचा आणि एका शब्दात निकाल द्यायचा, पास किंवा रिजेक्ट. निवृत्तीनंतर मोजमापाची अवजारं फॅक्टरीतच राहिली, पण निकाल घरी आले. शेजारची पुरणपोळी, गल्लीतला नवा विजेचा खांब, कोणाची ठरलेली सोयरीक, कशालाच सूट नव्हती. माझे बाबा गोहलपुरात वेल्डिंगचं काम करायचे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. काकांच्या लेकीची, मंजूताईची पुस्तकं दरवर्षी नवं कव्हर घालून माझ्याकडे यायची, आणि ती समजली का हे बघायला काकाही यायचे. मी बी.ए. झाले तेव्हा त्यांनी माझी मार्कशीट उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि म्हणाले, "पास." मार्कशीटवरही तेच छापलं होतं. पण मला खरं वाटलं ते काकांनी म्हटल्यावर.

मंजूताई त्यांची एकुलती एक. काकू गेल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी ती नोकरीसाठी बँकॉकला गेली आणि तिथल्याच एका सहकाऱ्याशी तिनं लग्न केलं. काकांनी जावयाला फोटोवरून पास केलं. "कान मोठे आहेत. ऐकून घेणारा दिसतो." पण पुढे तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि मंजूताईचं जबलपूरला येणं बंद झालं. चार वर्षं झाली. दर दिवाळीत काका तिच्या खोलीतली गादी गच्चीवर नेऊन ऊन दाखवायचे आणि संध्याकाळी परत आणून ठेवायचे.

शेवटी काकांनीच जायचं ठरवलं. पण राहणार कुठं, तर म्हणे पाठीवर सॅक घेऊन फिरणाऱ्या पोरांच्या हॉस्टेलात.

"काका, मंजूताईचं घर असताना हॉस्टेल काहून?"

"मुलीच्या घरचं पाणी पीत नाहीत आपल्यात. नातवंड होईपर्यंत."

"तुम्ही कधीपासून मानायला लागले हे?"

"मी कुठं मानून राहिलो? मी फक्त पाळून राहिलो."

मला म्हणाले, तूही चल. मी विचारलं, मी कशाला? "तुझं इंग्रजी आहे ना!" माझे मिस्टर रेल्वेत आहेत. ते म्हणाले, "जा. त्यांनी तुला शिकवलं, आता तू त्यांच्या कामी ये." मला केवढा अभिमान वाटला! पंधरा दिवस मी आरशासमोर उभी राहून इंग्रजी वाक्यं पाठ केली.

त्यातलं एकही कामी आलं नाही. काका बँकॉकमध्ये सगळ्यांशी जबलपुरी हिंदीत बोलायचे आणि सगळ्यांना ते समजायचं. बोटवाल्याला म्हणायचे, "भैया, जरा धीरे," आणि बोट हळू व्हायची. मी तेच इंग्रजीत म्हटलं की तो माझ्याकडे बघून नुसता हसायचा. हॉस्टेलात खाली पुरुषांची आठ खाटांची खोली, वर बायकांची, आणि मध्ये सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर. काकांना एकावर एक खाटांमधली वरची मिळाली होती. तिसऱ्या दिवशी पाहिलं, तर त्यांच्या खोलीतली सहा फुटी गोरी पोरं बाहेर जाताना त्यांच्यासमोर उभी राहून सॅकचे पट्टे तपासून घेत होती. एकाचा पट्टा सैल होता. काका म्हणाले, "रिजेक्ट," आणि तो बिचारा परत आत गेला.

शहर बघणं मात्र आम्ही मन लावून केलं. निजलेला सोनेरी बुद्ध काकांनी पायांपासून डोक्यापर्यंत चालत पाहिला, परत पायांपर्यंत आले आणि बराच वेळ उभे राहिले. "एवढा मोठा माणूस," हळूच म्हणाले, "आणि कसा निवांत झोपून राहिला. पास." उंच इमारती नापास झाल्या. "वरच्या माणसाला खालून हाक कशी मारायची, सांग!" रस्त्यावर मोटारी, स्कूटर, खाण्याच्या गाड्या, त्यांचा धूर, सगळी धावपळ. काका त्यातून सदरच्या बाजारातून चालावं तसे चालायचे.

पण सकाळी कुठंही गेलो तरी बाराच्या आत आम्ही नदीच्या एकाच धक्क्यावर परत यायचो. मंजूताईचं ऑफिस त्या धक्क्यामागच्या इमारतीत होतं. जेवणाच्या सुट्टीत ती धावत यायची.

"जेवलीस?"

"हो बाबा."

"काय?"

मग ती काहीतरी सांगायची आणि बोलता बोलता फोनकडे बघायची, सासूबाईंना औषध दिलं का म्हणून. तिनं दुसऱ्यांदा फोन पाहिला की काकाच आधी उठायचे. "चलो, जा तू. आम्हाला लय बघायचं आहे अजून." ती गेली की पुन्हा त्याच बाकावर बसायचे, त्या इमारतीकडे तोंड करून. एकदा मी म्हटलं, "काका, लय बघायचं होतं ना?"

"बघून राहिलो ना," ते म्हणाले.

चौथ्या दिवशी विहिणीची विचारपूस करायला आम्ही मंजूताईच्या घरी गेलो. जावयांनी दोन्ही हातांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. काकांनी नमस्कार केला आणि सॅकमधली आपली बाटली काढून त्यातलं प्यायले. विहीणबाई खाटेवरून त्यांच्याकडे बघून गोड हसल्या. काकाही हसले. दहा मिनिटं उभ्या उभ्याच विचारपूस करून काका जिना उतरायला लागले.

मी मागे रेंगाळले. घर म्हणजे एकच खोली होती. मध्ये पडदा, पलीकडे सासूबाईंची खाट, अलीकडे जेमतेम दोघांपुरती जमीन.

"काय गं ताई, काकांची ही रूढी!" मी म्हटलं.

मंजूताई हसली. "कसली रूढी, सुनी? माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, आमच्याकडे महिना महिना राहायचे. बाबाच त्यांना घेऊन यायचे. मागे फोनवर बोलताना माझा कॅमेरा चुकून फिरला आणि बाबांना हे सगळं दिसलं. दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाले, मंजू, आपल्यात मुलीच्या घरी राहत नाहीत बरं."

"मग तू काय म्हणालीस?"

"बरं म्हणाले. काय म्हणणार?" तिनं पडद्याकडे पाहिलं आणि आवाज खाली केला. "मला काही नको गं. एकदा माहेरी जाऊन दहापर्यंत झोपायचं आहे. कोणी उठवायला नको."

मी हे काकांना सांगितलं नाही. पण शुक्रवारी संध्याकाळी काका स्वयंपाकघरात कांदा चिरत होते, तेव्हा दारात मंजूताई उभी. खांद्याला छोटी बॅग. दोन दिवसांसाठी नणंद सासूबाईंजवळ आली होती आणि हिनं वरच्या खोलीत माझ्या शेजारची खाट घेतली होती.

"बाबा," ती म्हणाली, "माहेरी आले."

काका कांद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अच्छा. पाय धुऊन घे."

दुसऱ्या दिवशी काकांनी त्या हॉस्टेलात जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. सकाळी आठला एका मुलीनं फळांचा रस काढायचं यंत्र सुरू केलं. काकांनी जाऊन त्याचा प्लगच काढला. कोणी जिन्यावर बूट वाजवले की ते ओठांवर बोट ठेवून वर दाखवायचे. "श्श! बिटिया मायके आई है." आणि सगळ्या जगाची पोरं, कळलं न कळलं, चवड्यांवर चालत होती. मंजूताई साडेदहाला उठून खाली आली. काकांनी जबलपूरहून आणलेल्या पोह्यांची ताटली तिच्यापुढे सरकवली. ती खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. काकांनी तिला पाय खाली घे म्हटलं नाही.

रविवारी दुपारी ती निघाली तेव्हा काकांनी सॅकच्या अगदी तळातून एक पुडकं काढलं. तांदूळ, हळदकुंकू, हळकुंड, सुपारी, खारीक, हिरवी साडी. वर त्याच सकाळी कोपऱ्यावरून आणलेला एक हिरवा नारळ. "शेंडी नाही याला, पण नारळच आहे," ते म्हणाले आणि सगळं माझ्यापुढे ठेवलं. "घे, ओटी भर तिची. मला भरता येत नाही. सवाष्ण लागते."

"काका, म्हणून मला आणलं होय?"

"मग काय! ती हॉस्टेलात येईल हे मला कुठं माहीत होतं? त्या धक्क्यावर भरली असती. पण भरल्याशिवाय लेकीला कसं पाठवायचं?"

मंजूताईच्या अंगात टी-शर्ट होता, पदर कुठला? काकांनी गळ्यातला गमछा काढून तिच्या हातात दिला. मी तिला हळदकुंकू लावलं आणि त्या गमछ्यात ओटी भरली. तांदूळ थोडे सांडले. तिनं वाकून काकांना नमस्कार केला. काका म्हणाले, "जा. उशीर होईल." आणि वळून भिंतीवरच्या मोठ्या नकाशासमोर उभे राहिले.

मी दारापर्यंत गेले. गल्ली संपेपर्यंत मंजूताई गमछ्याची गाठ पोटाशी धरून चालत होती.

"गेली?" काकांनी पाठमोरंच विचारलं.

"हो."

"वळून पाहिलं?"

"दोनदा."

"अच्छा," काका म्हणाले. त्यांचं बोट नकाशावर इकडून तिकडे फिरत होतं. मग म्हणाले, "यात आपलं जबलपूर सापडून नाही राहिलं, सुनी."

नकाशा फक्त बँकॉकचा होता. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि त्यांच्याबरोबर शोधू लागले.